पवई ते कोलाड: एका फेरीत चार पाणी

फ्लायचा, म्हणजे पिसाकेसांच्या नकली आमिषाने मासे धरायचा, रॉड घ्यायला गेलं की दुकानदार पहिल्यांदा विचारतो, मासा कुठला धरायचाय? मुंबईच्या माणसाने उत्तर देण्याआधी तीन गोष्टी ठरवाव्यात: उभं कुठल्या पाण्यावर राहायचंय, तिथे वारा केवढा असतो आणि फेकायची फ्लाय केवढी आहे. मासा त्यानंतर. पाच किलोचा मासा ६ नंबरच्या रॉडवरही येतो, पण बारा सेंटिमीटरची ओली फ्लाय समोरच्या वाऱ्यात त्याच रॉडने जात नाही. तलाव, खाडी, समुद्राची खडपं आणि वाहती नदी ही चारही पाणी मुंबईपासून एका छोट्या फेरीत लागतात. पवई, धरमतर, कोर्लई आणि कोलाड अशी ही फेरी कार्तिकात, पाऊस संपून पाणी निवळल्यावर करावी. हवा अजून उबदार असते, समुद्र शांत झालेला असतो आणि नद्यांना धार असते.

आदली संध्याकाळ, दादर

रॉडवर छापलेला नंबर बरेच जण रॉडची ताकद म्हणून वाचतात. तो असतो लाइनच्या, म्हणजे फेकायच्या जाड दोरीच्या, वजनाचा. नेहमीच्या गरवण्यात शिसं पुढे जातं आणि दोरी त्याच्या मागून ओढली जाते. फ्लाय पिसांची नि केसांची, तिला स्वतःचं असं वजन जवळपास नसतंच. म्हणून वजन लाइनमध्ये भरलेलं असतं. रॉड लाइन फेकतो आणि लाइन फ्लायला घेऊन जाते. लाइनच्या पुढच्या ३० फुटांचं वजन ग्रेनमध्ये मोजून नंबर ठरतो: ४ नंबरला १२० ग्रेन, ६ ला १६०, ८ ला २१०, १० ला २८०. ग्रॅममध्ये साधारण ७.८, १०.४, १३.६ आणि १८.१. म्हणजे ४ नंबरच्या तुलनेत १० नंबरची लाइन सव्वादोन पटींहून जड. एका रॉडवर सगळं भागेल, असं म्हणणाऱ्याने हे आकडे शेजारी शेजारी लिहून पाहावेत.

या फेरीला तीन रॉड पुरतात: ९ फुटी ८ नंबर, ९ फुटी १० नंबर आणि साडेआठ ते ९ फुटी ५ नंबर. पवईवर ६ नंबर असला तर जास्त बरं, पण ५ वर काम भागतं. एकच घ्यायचा असेल तर ८ नंबर घ्यावा, डोळे झाकून. पवईच्या मरळीपासून कोर्लईच्या शांत सकाळीपर्यंत तो चालतो. फक्त नदीतल्या बारक्या माशांवर तो फार जड पडतो.

चार तुकड्यांचाच रॉड घ्यावा. ९ फुटी रॉडचा एकेक तुकडा साधारण ७० ते ७२ सेंटिमीटरचा होतो आणि नळीसकट तो लोकलच्या रॅकवर आडवा बसतो. दोन तुकड्यांचा रॉड घेऊन गर्दीच्या वेळी दादरला चढणं म्हणजे टोक मोडून घेणं. जोडताना सांधा सरळ रेटून बसवू नये. वरच्या तुकड्याच्या लाइन ओवायच्या कड्या पाव वळसा बाजूला ठेवून सांधा आत सरकवावा आणि शेवटच्या इंचाला फिरवत कड्या एका रेषेत आणाव्यात. सांध्याच्या आतल्या भागावर मेणबत्ती हलकी घासली की तो दिवसभर सुटत नाही. सैल झालेल्या सांध्यावर कास्ट करत, म्हणजे लाइन फेकत, राहिलं तर बाहेरच्या तुकड्याचं तोंड उभं चिरतं आणि त्या चिरेवर इलाज नसतो. दर अर्ध्या तासाने हात फिरवून सांधे चाचपायची सवय लावावी.

लाइन घेताना खोक्यावर ‘ट्रॉपिकल’ लिहिलेलं बघावं. थंड प्रदेशासाठी केलेली लाइन मुंबईच्या तीस-बत्तीस अंशांत लुळी पडते, चिकट होते, कड्यांना धरून बसते. रॉड चांगला, हात चांगला, तरी लाइन बारा मीटरच्या पुढे जात नाही. दोष मग रॉडला दिला जातो आणि आणखी महागडा रॉड घेतला जातो.

सराव गवतावर करावा, हुकाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून. इमारतीच्या गच्चीवर करू नये, सिमेंटवर घासून लाइनचा लेप खरवडला जातो. विजेच्या तारांखाली तर कुठेच नको. कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो.

पहिला दिवस, पवई

पवईचा तलाव ब्रिटिश अमदानीत, १८९१ च्या सुमारास, शहराला पाणी पुरवायला बांधला गेला. ते पाणी पिण्याच्या लायकीचं राहिलं नाही. मासेमारीच्या शौकिनांची महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन याच काठावर आहे आणि इथे गळ टाकायचा तर आधी परवानगीची चौकशी करूनच यावं. तलावात मगरी आहेत. पाण्यात उतरायचं नाही, घोट्याएवढ्यासुद्धा नाही. फ्लायवाल्याला पाण्यात उभं राहायची ओढ असते, म्हणून हे मुद्दाम सांगायचं.

काठावरून टाकायचं म्हणजे मागे झाडं आली. मागे लाइन उलगडायला जागा नसली की रोल कास्ट: रॉडचं टोक सावकाश कानामागे न्यायचं, लाइनचा झोळ रॉडच्या मागे लोंबेपर्यंत थांबायचं आणि मग पुढे झटका. इथे रॉडचा स्वभाव कळतो. फार ताठ, झपकन सरळ होणारा रॉड रोल कास्टला वाईट, कारण दहा मीटर लाइनच्या वजनाने तो वाकतच नाही. मध्यम वाकाचा ५ किंवा ६ नंबर इथे सुखाचा. दुकानात रॉड हवेत हलवून त्याचा वाक कळत नाही. लाइन ओवून, तेवढी दहा मीटर बाहेर काढून बघावं.

चिलापीला बारक्या, १२ नंबरच्या हुकावरची जड मण्याची निम्फ (अळीसारखी बुडती फ्लाय), ९ फुटी लीडर (लाइन आणि फ्लाय जोडणारी बारीक दोरी), त्याच्या टोकाला ३एक्स किंवा ४एक्सचं टिपेट, म्हणजे सगळ्यात पातळ दोरी. एक्सचा हिशेब सोपा आहे: अकरामधून तो आकडा वजा केला की टिपेटची जाडी इंचाच्या हजारांशांत मिळते. ३एक्स म्हणजे आठ हजारांश, ४एक्स म्हणजे सात. मृगळ तळाशी चरतो, त्याला फ्लाय खाली टेकू द्यावी आणि इंच-इंच ओढावी. रोहू मुख्यतः मधल्या पाण्यात चरतो. कटला वरच्या पाण्यात तोंड उघडं ठेवून फिरतो, पण तो पाणी गाळून खाणारा मासा. त्याच्या मागे सकाळ घालवू नये.

मरळीसाठी मात्र हाच तलाव ८ नंबरचा रॉड मागतो. मरळ जलपर्णीच्या कडेला असते आणि फ्लाय घेतली की सरळ त्या जाळीत शिरते. ५ नंबरचा रॉड तिला पहिल्या मीटरभरात रोखू शकत नाही. एकदा शिरली की टिपेट मुळांना गुंडाळतं आणि सगळा खेळ तिथेच संपतो. तरंगती, फोमची फ्लाय, हुकापुढे तार किंवा जाड नायलॉनची कमान, म्हणजे हुक पानांत अडकत नाही. पुढे २५ पाउंडी, म्हणजे तेवढा ताण सोसणारं, टिपेट, लीडर सहा-सात फुटांपेक्षा लांब नको. पाणी फुटलं की लगेच खेचू नये. फ्लाय तोंडात जाऊन मिटेपर्यंत एक सेकंद थांबावं. पृष्ठभागावर लालसर पिल्लांचा झुबका दिसला तर खाली आईबाप राखणीला आहेत असं समजावं आणि तिथून निघावं. ती मरळ भुकेने येत नाही, पिल्लं वाचवायला येते. तिला गळाला लावलं तर पिल्लांचा फडशा पडतो.

दुपारी आवरून भाऊचा धक्का. रो-रोने गाडीसकट तासाभरात मांडवा. रॉड नळीतच ठेवावेत. गाडीतल्या गाडीत रॉड मोडतात ते दारात नाहीतर डिकीच्या झाकणात.

दुसरा दिवस, धरमतरची खाडी

मुंबईला लागून असलेली ठाणे खाडी सोडून इतक्या लांब यायचं कारण आहे. ठाणे खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये तिला पाणथळ जागांसाठीचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला. तिथे हौसेचा गळ नको. धरमतरला अंबा नदी येऊन मिळते, दोन्ही काठांना तिवरं आहेत, खाजणं आहेत आणि पेण-अलिबागकडचा जिताडा मासा तर घराघरात ठाऊक.

खाडीवर रॉडच्या आधी तिथी. कोकणातला जुना हिशेब आजही चालतो: तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. सप्तमी असेल तर सात गुणिले पाऊण म्हणजे सव्वापाच. पहाटे सव्वापाचला पाणी भरलं की सहा-सव्वासहा तासांनी, साडेअकराच्या आसपास, पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी इतकं धावतं की खाडी चहासारखी गढूळ होते आणि फ्लाय वीतभर अंतरावरही दिसत नाही. सप्तमी-अष्टमीच्या भांगाला पाणी कमी चढतं, कमी धावतं, थोडं स्वच्छ राहतं. फ्लायवाल्याने भांगच धरावा.

उजाडताना ओहोटी लागून तास-दीड तास झालेला असतो. तिवरांमध्ये शिरलेलं पाणी बारक्या नाल्यांमधून बाहेर पडायला लागतं आणि त्याबरोबर कोळंबी, बोयची पिल्लं बाहेर येतात. जिताडा नाल्याच्या तोंडाच्या आत नसतो. तो तोंडाच्या खालच्या अंगाला, जिथे गढूळ आणि त्यातल्या त्यात निवळ पाण्याची रेघ पडते तिथे, धारेला तोंड करून उभा असतो. होडी नांगरायची ती या रेघेपासून बारा-पंधरा मीटर वर. नाखवा एवढंच सांगतो: “भाऊ, तोंडात नको टाकू, तोंडाच्या बाजूला टाक.”

रॉड ८ नंबर, ९ फुटी, झपाट्याचा. मागच्या टोकाला बुटका दस्ता, म्हणजे पोटाला टेकवून मासा खेळवता येतो. बसक्या होडीत दोघंच असाल तर साडेआठ फुटी चालेल, पण सहसा नऊ फूटच बरा, लाइन पाण्यापासून उंच राहते. लाइन इंटरमीडिएट, सेकंदाला दीड-दोन इंच बुडणारी. तरंगती लाइन इथे फसते, कारण ओहोटीची धार लाइनला पुढे ढकलते आणि फ्लाय वरच्या वर वाहून जाते. जिताडा एक-दीड मीटर खाली असतो. बुडत्या लाइनला लीडर लांब ठेवला तर लाइन खाली जाते आणि फ्लाय वरच तरंगत राहते, म्हणून लीडर पाच फूट: साडेतीन फूट २० पाउंडी आणि पुढे दीड फूट ४० पाउंडी.

ही ४० पाउंडी दोरी जिताड्याच्या दातांसाठी नव्हे. त्याचे दात मखमलीसारखे, बोटाला खरबरीत लागतात एवढेच. धोका कल्ल्याच्या झाकणात आहे. झाकणाच्या खालच्या कडेला धार असते, मासा उसळी मारून डोकं झाडतो तेव्हा दोरी त्या कडेवरून घासली जाते आणि २० पाउंडी दोरी तुटते. हातात धरतानाही तेच. कल्ल्याखाली बोटं घालायची नाहीत. खालचा ओठ अंगठा आणि तर्जनीत धरायचा, दुसरा हात पोटाखाली.

फ्लाय दहा-बारा सेंटिमीटरची, १/० किंवा २/० हुकावर. गढूळ पाण्यात काळा-जांभळा चांगला, निवळ असेल तर पांढरा-हिरवट. शिशाच्या डोळ्यांची क्लाउझर मिनो सगळ्यांच्या डबीत असते. बॉब क्लाउझर या अमेरिकन माणसाची ही रचना. तिच्या डोळ्यांमुळे ती उलटी पोहते, हुकाचं टोक वर राहतं, म्हणून तळाच्या फांद्यांत कमी अडकते. याच डोळ्यांचा एक तोटा कोर्लईला येईल.

चूक सगळ्यात जास्त कुठे होते तर मासा लागताना. गोड्या पाण्याची सवय असते रॉड वर उचलायची. ८ नंबरचा रॉड वर उचलला की त्याचं मऊ टोकच वाकतं, जोर हुकापर्यंत पोचत नाही आणि फ्लाय जिताड्याच्या पुढून निघून जाते. रॉडचं टोक पाण्याकडे, रोखलेलं, आणि डाव्या हाताने लाइन लांबलचक मागे खेचायची. बसला नाही तर पुन्हा खेचायची. फ्लाय त्याच्यासमोरच राहते, तो परत घेतो. बसल्याची खात्री झाली की मगच रॉड उचलायचा. उसळी मारली की टोक पटकन खाली करून दोरीला ढील द्यायची.

रीलचा ड्रॅग, म्हणजे सुटणाऱ्या दोरीला धरणारा ब्रेक, अंदाजाने लावू नये. सर्वात कमजोर दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश एवढा लावायचा. २० पाउंड म्हणजे नऊ किलो, तर ड्रॅग अडीच-तीन किलो. भाजीची पिशवी अडकवायचा आकड्याचा काटा दोरीच्या टोकाला बांधून सरळ खेचला की आकडा कळतो. रॉड वाकवून मोजलं तर कड्यांच्या घर्षणामुळे आकडा फसवा येतो.

होडीत ओढून घेतलेली लाइन पायाखाली येते, नांगराच्या दोरीत, खुंटीत अडकते. होडीच्या पुढच्या भागावर ओलं गोणपाट अंथरावं आणि लाइन त्यावर पाडावी. हुकांच्या टोकामागचे उलटे काटे पकडीने दाबून सपाट करावेत. होडीत नाखवा असतो, त्याच्या कानापासून हातभर अंतरावरून हुक जातो. काटा दाबलेला हुक निघतो तरी.

साडेदहानंतर पाणी उतरतं, नाल्यांची तोंडं कोरडी पडतात, वारा पश्चिमेकडून सुरू होतो. आवरून अलिबागमार्गे रेवदंड्याला मुक्काम.

तिसरा दिवस, कोर्लईची खडपं

कुंडलिका रेवदंड्याला समुद्राला मिळते. मुखाच्या उत्तरेला रेवदंडा, दक्षिणेला पोर्तुगिजांच्या कोर्लई किल्ल्याची सोंड. सोंडेच्या पायथ्याची खडपं हे दहा नंबरचं पाणी. इथे ट्रेव्हली, बॅराकुडा, तांबोशी आणि हेकरू मिळायची शक्यता असते.

अष्टमी, भरती सकाळी सहाला. ओहोटीबरोबर खाली उतरायचं आणि पाणी फिरायच्या आत वर यायचं हा इथला नियम, दुसरा नाही. उतरण्याआधी उंचावर दहा-पंधरा मिनिटं नुसतं बघत बसावं. लाटा सारख्या येत नाहीत, मोठ्या लाटांची तुकडी थोड्या थोड्या वेळाने येते. ओला, काळपट दगड म्हणजे तिथपर्यंत लाट आत्ताच येऊन गेली. उभं राहायचं ते कोरड्या, पांढुरक्या दगडावर. कालवांवर अनवाणी किंवा चपलेने जाऊ नये, तळवा फाटतो. फेल्टचा नाहीतर जाड रबरी दातेरी तळ हवा.

सकाळी साडेआठ-नऊपर्यंत जमिनीवरून वारा असतो, तो पाठीमागून येतो. तोवर ८ नंबर चालतो आणि हाताला सुख असतं. वारा फिरून वायव्येकडून आला की १० नंबर काढावा. पश्चिमेकडे तोंड करून उभ्या उजव्या हाताच्या माणसाला हा वारा समोरून आणि उजवीकडून लागतो, लाइन डोक्यावर लोटतो आणि फ्लाय मानेत किंवा कानात बसते. उपाय दोन: रॉड डाव्या खांद्यावरून चालवायचा, किंवा समुद्राकडे पाठ करून उलट्या कास्टवर लाइन सोडायची. दोन्ही गवतावर शिकून यावं, खडपावर शिकायला जाऊ नये. टोपी आणि चष्मा हवाच.

दहा नंबरचा रॉड का, तर वाऱ्यात २८० ग्रेन लाइन घुसते आणि २१० ग्रेन मागे वळते, हे एक. दुसरं म्हणजे ट्रेव्हली लागली की तिचं पहिलं काम खाली दगडाकडे पळणं. तिला तिथे जाऊ द्यायचं नसतं. ताठ बुडाचा रॉड हवा, पंचेचाळीस अंशापेक्षा वर न उचललेला. रॉड उभा, नव्वद अंशांच्या पलीकडे नेला की सगळा ताण वरच्या दोन फुटांवर येतो आणि तो तिथेच तुटतो. मासा पायाशी आल्यावर, दोरी आखूड राहिलेली असताना, हे सर्रास घडतं. माशाला रॉडने खडपावर उचलायचं नाही. लाट येते तेव्हा तिच्याबरोबर त्याला वर सरकू द्यायचं आणि हातमोजा घालून लीडर धरायचा. बारा नंबर इथे लागत नाही. तो खोल समुद्रात बोटीवरून मोठ्या ट्रेव्हलीच्या मागे जाणाऱ्यांचा, आणि दिवसभर तो चालवायला खांदा तयार लागतो.

लाइन पायाशी पडली की कालवं तिला फाडतात. कमरेला टब बांधावा. बाजारात मिळतो तो चांगला, पण घरी होतो: ३५-४० सेंटिमीटर रुंदीचा प्लास्टिकचा टब, तळाला भोकं पाडून त्यातून आठ-दहा केबल टाय उभे ओवायचे, टोकं आतल्या बाजूला बोटभर उभी ठेवायची. लाइनचे वेढे या खुंट्यांमध्ये पडतात, एकमेकांत गुंतत नाहीत. तळाला आणखी चार भोकं ठेवावीत, लाटेचं पाणी साचत नाही. कॅनव्हासचा पट्टा दोन बाजूंनी.

रीलवर लाइनच्या मागे २०० मीटर ३० पाउंडी बॅकिंग, म्हणजे राखीव दोरी. बॅराकुडा दिसत असेल तर फ्लायच्या पुढे वीतभर तार, नाहीतर एका चाव्यात फ्लाय गेली. तार घातली की ट्रेव्हली कमी घेतात, म्हणून सरसकट घालू नये. ओढ वेगवान हवी. रॉड काखेत दाबून दोन्ही हातांनी लाइन ओढली की वेग मिळतो आणि ओढीत खंड पडत नाही.

आता क्लाउझरच्या शिशाच्या डोळ्यांचा तोटा. वाऱ्यात मागची लाइन पूर्ण उलगडायच्या आत पुढे झटका दिला की फ्लाय खाली येते आणि रॉडला आपटते. टक असा आवाज होतो. रॉडला तेव्हा काहीच होत नाही असं वाटतं. कार्बनच्या थरांत केसाएवढी चीर पडते, आणि पुढच्या खेपेला एखाद्या किरकोळ माशावर, कधी नुसत्या कास्टवर, तो काडकन जातो. रॉड खराब निघाला असं मग म्हटलं जातं. आवाज आला की तिथेच थांबावं, रॉड पुसून उन्हात तिरपा धरावा आणि कापसाचा बोळा टोकापासून मुठीपर्यंत फिरवावा. जिथे कापसाचे तंतू अडकतील तिथे चीर किंवा खड्डा आहे. कड्यांच्या आतूनही बोळा फिरवावा. खरवडलेली कडी लाइन कापत जाते आणि कारण कळत नाही. जड फ्लायला कास्ट रुंद ठेवावा, मागे जरा आडवा, पुढे उभा.

अकराला वर. साडेबाराच्या सुमारास पाणी फिरतं.

चौथा दिवस, कोलाड

काल ज्या नदीचं मुख पाहिलं तिच्याच वरच्या अंगाला. कुंडलिकेला उन्हाळ्यातही धार असते ती भिऱ्याच्या टाटांच्या जलविद्युत केंद्रातून सुटणाऱ्या पाण्यामुळे. खोपोलीचं पाणी पाताळगंगेला, भिवपुरीचं पेज नदीला, तसं भिऱ्याचं इकडे. कोलाडचं राफ्टिंग याच पाण्यावर चालतं. वीज तयार झाली की पाणी येतं, आणि आलं की वीस मिनिटांत गुडघ्याचं पाणी कमरेला लागतं. राफ्टवाल्यांकडे त्या दिवसाची वेळ विचारून घ्यावी आणि पाणी यायच्या आत काठावर असावं. मधल्या दगडावर, बेटावर जाऊ नये. दगडावर आधीच्या पाण्याची ओली रेघ दिसते, ती छातीएवढी असते.

इथे समुद्राची सगळी सवय सोडून द्यावी लागते. ५ नंबर, आणि रॉडची लांबी इथे कामाची. ९ फुटी रॉडने पाण्यावर पडलेली लाइन उचलून वरच्या बाजूला ठेवता येते, म्हणजे मधली वेगवान धार लाइनला ओढत नाही आणि फ्लाय पाण्याच्या चालीने वाहते. फ्लाय धारेपेक्षा जोरात चालली की मासा लगेच ओळखतो. झाडांनी झाकलेल्या ओढ्यात शिरायचं असेल तर साडेसात फुटी ३ नंबर, फायबरग्लासचा. काच कार्बनपेक्षा जड आणि सावकाश, पण चार-पाच मीटर लाइनवरही वाकते. ताठ कार्बन तेवढ्या लाइनवर काठीच राहतो.

फ्लाय १२ ते १४ नंबर, टिपेट ४एक्स. छोटे चंदेरी मासे धारेच्या कडेला, फेस जिथे गोळा होतो तिथे वरून घेतात. या माशांवर रॉड हलका उचलणंच बरोबर, काल-परवाची डाव्या हाताची खेच इथे टिपेट तोडते.

महसीर लागलाच तर परत सोडावा. दख्खनच्या महसीरचं शास्त्रीय वर्णन ब्रिटिश अधिकारी साइक्सने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून केलं. पुढे धरणं आणि सुरुंगाची मासेमारी यांनी तो घटला, आणि लोणावळ्याला वळवणच्या टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पिल्लं वाढवून ठिकठिकाणी सोडली गेली. त्याच्यासाठी मुद्दाम जायचं तर ५ नंबर पुरत नाही, ७ किंवा ८ घ्यावा, कारण तो धारेचा जोर घेऊन खाली पळतो आणि हलक्या रॉडवर थकून मरतो. जबड्यात दात नसतात, घशात असतात, आणि ते पातळ तारेचा हुक सपाट करतात. हुक जाड तारेचा हवा. मासा पाण्यातच धरावा, तोंड धारेकडे करून, आणि शेपटी स्वतः हलवेपर्यंत सोडू नये. धरणाच्या किंवा कंत्राटी पाण्यावर मच्छीमार सोसायटीचे हक्क असतात, तिथे विचारल्याशिवाय लाइन टाकू नये.

दुपारी महामार्गाने मुंबई.

परत आल्यावर, त्याच रात्री

उद्यावर ठेवलं की मीठ बसतं. समुद्रात वापरलेले दोन्ही रॉड सुटे करून कोमट पाण्याखाली धरावेत, साबण बेताचा. जोराचा फवारा नको, तो मीठ रीलच्या आत ढकलतो. रील आधी ड्रॅग घट्ट करून धुवावं, म्हणजे पाणी चकत्यांत शिरत नाही, आणि वाळल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवावं, नाहीतर चकत्या दबून राहतात आणि पुढच्या वेळी झटके देतात. मुठीमागची रील बसवायची जागा, तिची फिरती कडी, पेचाचे आटे यांवर जुना टूथब्रश फिरवावा. ॲल्युमिनियमला पांढरी पूड धरली की कडी तिथेच जाम होते आणि पक्कड लावली की आटे जातात. लाइन बादलीत सैल सोडून तासभर भिजवावी आणि ओल्या फडक्यातून ओढून घ्यावी. फडक्यावर काळा डाग आला तर अजून एकदा.

सांधे कधी जाम बसले तर पकड लावू नये, पिळू नये. रॉड पाठीमागे गुडघ्यांच्या खोबणीत आडवा धरून, दोन्ही हात सांध्याच्या दोन बाजूंना ठेवून, गुडघे बाहेर ढकलत सरळ ओढावा. नाहीच निघाला तर फक्त बाहेरच्या तुकड्यावर क्षणभर कोमट पाणी.

मुंबईच्या दमटपणात कापडी पिशवी एका रात्रीत वाळत नाही. रॉड निदान दोन दिवस बाहेर, भिंतीला आडवे, पंख्याच्या वाऱ्यात ठेवावेत. ओला रॉड नळीत बंद केला तर लेपाला फोड येतात, मुठीच्या बुचाला बुरशी लागते आणि कड्यांचे पाय गंजतात. नळीचं झाकणही उघडंच ठेवावं.